लिहिल्याची पोच

सकाळी दारात बसून बुटाच्या नाड्या बांधता बांधता मुलगी म्हणाली, "परवा तू इतक्या सहज हो म्हणशील असं वाटलं नव्हतं मला. थँक्स." मी डबा बंद करत होते. झाकणाची एक कड बसत नव्हती, ती दाबता दाबता मी म्हणाले, "त्यात काय." तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, मग दुसऱ्या बुटाची नाडी बांधली आणि गेली. जिन्यावरून तिची पावलं खालपर्यंत ऐकू आली. झाकण बसलं. आणि मग माझ्या लक्षात आलं, की आपण कशाला हो म्हणालो ते आपल्याला ठाऊकच नाही. विसरले होते असं म्हणता येणार नाही. विसरायला आधी डोक्यात काहीतरी शिरावं लागतं.

रस्ताभर मी ती परवाची संध्याकाळ उकरत होते. गंमत म्हणजे संध्याकाळ सगळीच्या सगळी शाबूत होती. गॅसवर अंडी उकडत होती, पाणी आटत आल्यामुळे ती पातेल्याच्या बुडाला आपटून टकटक करत होती. ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून लॅपटॉप उघडा होता आणि चाचणीचे आकडे खालून वर सरकत होते. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन चौकटीला खांदा लावून उभी राहिली. तिच्या एका पायात मोजा होता, एकात नव्हता, आणि मोज्याचा पाय तिने दुसऱ्या पायावर ठेवला होता. काही मागायचं असलं की ती लहानपणापासून असाच ठेवते. ती बोलली. बरंच बोलली असावी, कारण मध्ये एकदा मी गॅस बारीक केल्याचं आठवतं आणि तेव्हाही तिचं चाललंच होतं. मग माझा आवाज, "हो, चालेल की." मग तिची पाठ. मोजा आठवत होता, टकटक आठवत होती, वाक्य तेवढं नव्हतं. सहल असेल, मी म्हटलं. केस कापायचे असतील, कानाला तिसरं भोक पाडायचं असेल, मैत्रिणीकडे राहायला जायचं असेल. पण केस कापायची परवानगी मिळाली म्हणून सतरा वर्षांची मुलगी आईकडे तसं बघत नाही. विचारणं सोपं होतं. फोन काढायचा आणि म्हणायचं, बाई गं, कशाबद्दल थँक्स? पण तिची माझ्याबद्दल मुळात एकच तक्रार आहे, की मी ऐकत नाही, आणि तीच मी आयती तिच्या हातात देणार होते. न विचारावं, तर न ऐकलेल्या गोष्टीला दिलेला होकार आपल्या जागी ठाम उभा. इकडे आड, तिकडे विहीर. मी फोन परत पिशवीत टाकला.

माझं काम यंत्रांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचं आहे. यात विनोद काही नाही, त्याचा पगार मिळतो. एक डेटाबेस घ्यायचा, त्यात तीच माहिती भरायची, तो निरनिराळ्या यंत्रांवर, निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर बसवायचा आणि कुठे किती वेगाने चालतो ते पाहायचं. बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सांगायला सोपं, पाळायला महाकठीण, कारण कुठेतरी काहीतरी वेगळं राहतंच. पहिली फेरी धरायची नाही असाही नियम आहे. तेव्हा यंत्र थंड असतं, त्याच्या हाताशी काही नसतं, प्रत्येक बारीकसारीक गोष्टीसाठी त्याला डिस्कपर्यंत हेलपाटा घालावा लागतो. दुसऱ्या फेरीपासून ते सरावतं. मग आपण मोजायला लागायचं. या वेळचं गिऱ्हाईक म्हणजे एक रुग्णालय. कुठल्या खाटेवर कोण, कोणाला कुठलं औषध दिलं, केव्हा दिलं, ही नोंद ठेवायला त्यांना नवं यंत्र हवं होतं, आणि तीन यंत्रं माझ्याकडे चाचणीला होती. आमच्याकडे यंत्रांना नावं ठेवायची पद्धत आहे, दोन्ही अर्थांनी. जुनं, बोजड, काहीही करण्याआधी पंख्यांची मोठी घरघर करणारं ती आत्याबाई. नवं, महागडं, ज्याच्यासाठी खोलीचं तापमान दोन अंश खाली आणावं लागलं तो जावई. तिसरं आमच्याकडे नव्हतंच, दूर कोणाच्या तरी इमारतीत भाड्याने घेतलेलं होतं, म्हणून तो भाडेकरू. तीन महिने मी या तिघांना तेच तेच विचारत होते आणि निकाल स्पष्ट होता. नोंद लिहिण्यात जावई आत्याबाईच्या चौपट वेगवान होता. आलेख तयार होता, सरांना तो आवडला होता, उद्या रुग्णालयाची माणसं यायची होती.

जावई मला आवडायचा, हे सांगायला हरकत नाही. नोंद पाठवली की पलीकडून पोच हजर, 'लिहिलं'. आत्याबाईला पाठवली की आधी घरघर, मग मध्येच शांतता, मग कधीतरी पोच. मला लहानपणापासून चटकन उत्तर देणारी माणसं बरी वाटतात. आम्ही पाच भावंडं, आई स्वयंपाकघरातून हाका मारायची, आणि तिचं वाक्य अर्ध्यावर असतानाच मी "हो आई" म्हणायची. वाक्य तिथेच थांबायचं. आई शेजारणींना सांगायची, थोरलीला सांगायचा अवकाश, झालंच म्हणून समजा. ते सगळं व्हायचंच असं नाही, पण कौतुक आधीच होऊन गेलेलं असायचं. हो हा शब्द बोलणं थांबवायला फार उपयोगी आहे, नाही म्हटलं की बोलणं वाढतं. माझा नवरा, म्हणजे आता मुलीचा बाबा एवढंच नातं उरलंय त्याच्याशी, नेमका उलट. मीठ दे म्हटलं तरी तो विचार करून देणार. काही विचारलं की भिंतीकडे बघत बसायचा, आणि आपल्याला वाटावं की याने ऐकलंच नाही, तेव्हा सावकाश उत्तर यायचं, आणि त्या उत्तरात आपण विचारलेली सगळी कलमं एकेक करून घेतलेली असायची. मी चिडायची. लोक म्हणायचे, किती शांत माणूस आहे हो तुमचा. मी म्हणायची, तुम्ही घेऊन जा. शेवटी एकदा मीच विचारलं, आपण वेगळं राहू या का? मला वाटलं होतं, हो किंवा नाही, काय ते लगेच बोलेल. तो बोललाच नाही. सकाळी चहा करायचा, कामाला जायचा, यायचा, मुलीचा अभ्यास घ्यायचा. पुढच्या महिन्यात, मी कपडे वाळत घालत असताना, मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तू विचारलं होतंस ना. हो. तुझं बरोबर आहे." मी काय विचारलं होतं ते आठवायला मलाच क्षणभर वेळ लागला. आता तो दुसऱ्या गावात राहतो. मुलगी सुट्टीत जाते, येते. तिथून आली की काही दिवस तीही सावकाश बोलते, मग पुन्हा इथली होते.

त्या दिवशी दुपारी बॅटऱ्या बदलायला इलेक्ट्रिशियन आला. वीज गेली तर यंत्रं चालू राहावीत म्हणून खोलीच्या कोपऱ्यात बॅटऱ्यांचं एक कपाट आहे, त्यातल्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. "मॅडम, तुम्ही तुमचं काम करा, थेट लाइनवर टाकतो, तुम्हाला कळणारसुद्धा नाही," तो म्हणाला, आणि चुकीचा खटका ओढला. कळलं. आत्याबाईची घरघर एकदम थांबली. त्या खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. भिंतीतल्या नळीतलं पाणी वाहताना ऐकू येत होतं. जावयाचे निळे दिवे गेले होते. "अरेरे," इलेक्ट्रिशियन कपाटातूनच म्हणाला. "काही बिघडलं नाही ना?" "नाही," मी म्हणाले. अर्थातच आधी म्हणाले आणि नंतर विचार केला. त्या वेळी लिहिण्याची चाचणी चालू होती. माझा लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर होता, तो नोंदी पाठवत होता आणि कोणाकडून कुठल्या नोंदीची पोच आली ते टिपून ठेवत होता. भाडेकरू या फेरीत नव्हता, आत्याबाई आणि जावई दोघांचीही शेवटची पोच पडद्यावर तशीच थिजून राहिली होती.

वीज आली, यंत्रं उठली. डेटाबेसने दोन्हीकडे आपली आपली झाडाझडती घेतली आणि सारं आलबेल असल्याचं सांगितलं. मला खरं तर फेरी टाकून देऊन नव्याने सुरू करायची होती, नियमच तसा आहे, अर्धवट फेरी धरत नाहीत. पण सकाळपासून डोक्यात न सापडणारं वाक्य वळवळत होतं म्हणून असेल, मी आत्याबाईला विचारलं, तुझ्याकडे शेवटची नोंद कुठली? तिने सांगितली. लॅपटॉपवरच्या शेवटच्या पोचेशी जुळली. मग जावयाला विचारलं. त्याने फार मागची नोंद सांगितली. मी परत विचारलं, तेच उत्तर. मधल्या शेकडो नोंदी, ज्यांच्याबद्दल त्याने एकेक करून 'लिहिलं' म्हटलं होतं, त्याच्याकडे नव्हत्याच. खराब झाल्या नव्हत्या, अर्धवटही नव्हत्या. कधी लिहिल्याच गेल्या नव्हत्या. त्याची डिस्क आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टीम, दोघांची मिलीभगत होती. नोंद कानावर पडली की सिस्टीम डिस्कला सांगायची, डिस्क म्हणायची ठेव इथे, बघते, आणि तेवढ्यावर सिस्टीम बाहेर येऊन सांगायची, झालं. दूधवाल्याने रस्त्यावरूनच "ठेवलं हो" म्हणून ओरडावं आणि पिशवी अजून सायकललाच लटकत असावी, तसं. एरवी पिशवी पोचतेही. सायकल पडली नाही, तर कोणाला काही कळत नाही. म्हणजे तीन महिने मी एकाचं लिहिणं आणि दुसऱ्याचं नुसतं हो म्हणणं शेजारी शेजारी ठेवून मोजत होते. आलेखात दोन्ही काड्या एकाच रंगाच्या होत्या.

सरांना जाऊन सांगितलं. सर म्हणजे आमचे प्रमुख, वाईट बातमी ऐकताना ते चष्मा काढतात, बहुधा चेहरा दिसू नये म्हणून. "उद्या माणसं येणार आहेत," ते म्हणाले.

"हो."

"ते सेटिंग बदलता येतं?"

"येतं. खरंच लिहिल्याशिवाय पोच देऊ नकोस, असं सांगता येतं त्याला."

"मग सांगा आणि परत मोजा. यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे? तुमचा चेहरा का उतरलाय?"

मी म्हणाले, काही नाही. ते खरं नव्हतं. यंत्रांवरून माणसांबद्दल काही शिकावं अशी मला हौस नाही. असली शिकवण देणारे लोक मला सहन होत नाहीत, ते पाण्याच्या नळातूनसुद्धा काहीतरी शिकतात. पण मला भीती वाटत होती, साधी भीती. सेटिंग बदलून मी जावयाला परत कामाला लावलं. आता त्यालाही वेळ लागू लागला. नोंद जायची, आणि मग काही नाही, मग काही नाही, मग पोच. त्या रिकाम्या जागेत माझं मन घरी जात होतं. माळ्यावरची मोठी बॅग खाली आली होती. रविवारीच आली होती, मी तिला अडखळले होते आणि पायाने कोपऱ्यात सरकवली होती. मुलीने खिडकीतली तिची रोपं शेजारच्या आजींना दिली होती. मी म्हटलं होतं, बरं केलंस, पाणी घालायचं राहतंच. न्हाणीघरातल्या फळीवर तिच्या बाटल्या कमी झाल्या होत्या आणि मला जागा झाली म्हणून मी माझी एक तिथे ठेवली होती. एकेक गोष्ट डोळ्यांपुढून गेली होती. मी प्रत्येकीला पोच दिली होती. आता त्या सगळ्या एका ओळीत येऊन उभ्या राहिल्या आणि ते वाक्य काय असणार ते मला कळलं. कळलं म्हणजे ऐकलं असं नव्हे. पडद्यावर आकडे येऊन पोचले. जावई आत्याबाईपेक्षा वेगवान होता, पण जेमतेम, सव्वापट म्हणता येईल इतकाच. मी नवा आलेख काढला, सरांना पाठवला आणि पिशवी उचलली.

वाटेत मी बोलायची वाक्यं जुळवत होते. एक चांगलं सापडलंही होतं. मी हो म्हणाले खरी, पण मागून विचार केला, असं त्याची सुरुवात होती. यात मी ऐकलं नव्हतं हे कुठेच येत नव्हतं. जिन्यात ते वाक्य मी दोनदा म्हणून पाहिलं, आणि दुसऱ्या खेपेला मला त्याची शिसारी आली. घरात उजेड होता. मुलगी तिच्या खोलीत जमिनीवर बसली होती, समोर पुस्तकांचे दोन ढीग. एक उंच, एक बुटका. बॅग उघडी होती आणि तिच्या तळाशी हिवाळ्यातले कपडे होते. इथे हिवाळा संपत आला होता. मी दारात उभी राहिले. खांदा चौकटीला लागला तेव्हा जाणवलं, की परवा ती अशीच उभी होती.

"ऐक," मी म्हणाले. "परवा तू काहीतरी विचारलंस, आणि मी हो म्हणाले."

ती पुस्तकाच्या पाठीवरची धूळ बोटाने पुसत होती. "हं."

"मी ऐकलं नव्हतं."

मला वाटलं होतं ती चिडेल. त्याची तयारी मी करून आले होते. ती चिडली नाही. तिने पुस्तक उंच ढिगावर ठेवलं, मग विचार बदलून बुटक्या ढिगावर ठेवलं. "माहितीय मला," ती म्हणाली.

"काय माहितीय?"

"तू ऐकत नव्हतीस ते. तुझं हो लगेच आलं ना. ऐकलं असतंस तर तुला वेळ लागला असता."

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा तो एकसुरी आवाज येत राहिला. मी म्हणाले, "मग परत का नाही विचारलंस?"

"परत विचारलं असतं तर ऐकलं असतंस तू." ती हे माझ्याकडे न बघता म्हणाली, आणि मग बघितलं. "आई, मी तू ऐकत नसतानाच विचारलं. मुद्दाम. तू त्या आकड्यांकडे बघायला लागलीस की कशालाही हो म्हणतेस, लहानपणापासून माहितीय मला. सगळ्या मोठ्या गोष्टी मी तशाच मागितल्यात." तिला किंचित हसू आलं, आणि ते लगेच गेलं. "पण मग दोन दिवस बरं वाटेना. म्हणून सकाळी थँक्स म्हटलं. म्हटलं, आता तरी विचारशील, कशाबद्दल."

"आणि मी म्हणाले, त्यात काय."

"हो."

ते लागलं. दिवसभर जे काही अंगाशी आलं होतं त्यात हे सगळ्यात साधं होतं आणि हेच लागलं. माझी मुलगी माझ्याशी कशी वागायची ते कधीच शिकून बसली होती, जसं आपण घरातल्या बिघडलेल्या कडीशी वागतो, जरा उचलून, जरा डावीकडे ओढून. तिने मला बदलायचा प्रयत्नही केला नव्हता. तिने नियम शोधला होता आणि तो वापरला होता. असा नियम शोधायला किती फेऱ्या लागतात ते मला चांगलं ठाऊक आहे. ती किती वर्षं त्या दारात उभी होती, माझ्या मनात आलं, आणि मला रडू यायला हवं होतं. ते आलं नाही.

"आता विचार," मी म्हणाले.

"आता कशाला?"

"आता विचार. लॅपटॉप बाहेर आहे, पिशवीत."

तिने हातातली धूळ कपड्यांना पुसली. पाय जवळ घेतले. मोजा आज दोन्ही पायांत होता, तरी एक पाय दुसऱ्यावर गेलाच. "मला बाबाकडे राहायला जायचंय," ती म्हणाली. "सुट्टीपुरतं नाही. तिथेच. पुढचं कॉलेज तिथलंच घेईन. बाबाला विचारलंय, त्याने अजून उत्तर दिलेलं नाही, पण तो देईल. तुझ्याकडे मी येत जाईन. तुझ्यावर रागावून चालले नाही, हे मी परवाही सांगितलं होतं. इथे मी बोलते आणि ते कुठे जातं तेच मला कळत नाही. तिथे कळतं. जाऊ का?"

माझ्या जिभेवर हो आलं. येणारच, ते तिथेच राहतं. त्याच्या मागोमाग नाही आलं, तितक्याच घाईने, आणि मला दिसलं की तेही त्याचंच भावंड आहे. दोन्ही मी गिळली. तिचं वाक्य आत घेतलं. तुझ्यावर रागावून नाही. बोलते आणि ते कुठे जातं. पहिल्यापासून परत घेतलं, कलमागून कलम, आणि प्रत्येक शब्द कुठेतरी जाऊन टेकत होता आणि टेकताना दुखत होतं. मी भिंतीकडे बघत होते. तिच्या बाबाच्या भिंतीकडे बघण्याचा मला किती राग यायचा ते आठवलं, आणि तो तिथे काय करत असायचा ते पहिल्यांदा कळलं. बाहेरची गाडी एकदाची मागे गेली होती. मुलगी वाट बघत होती. तिचे डोळे माझ्या तोंडावर होते, जरा घाबरलेले, कारण तिच्या नियमात हे बसत नव्हतं.

"आई?"

"थांब," मी म्हणाले. "वेळ लागेल मला."

तिने ते ऐकलं. मग पुस्तकांचा उंच ढीग दोन्ही हातांनी भिंतीशी सरकवला, आणि तिथे मोकळी झालेली जागा हाताने पुसून म्हणाली, "लागू दे. बस."